पावसाळ्यात कुंडीतल्या झाडांना हळू विरघळणारं खत कसं द्यावं

ऑगस्ट लागला की गॅलरीतल्या जास्वंदीची खालची पानं पिवळी पडायला लागतात. ‘पाणी जास्त झालं’ म्हणून आपण सोडून देतो. कधी ते खरंही असतं, पण पुष्कळदा झाड उपाशी असतं. 12 इंची कुंडीचं तोंड साधारण 30 सेंटिमीटर. दिवसभरात 100 मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका कुंडीत सात लिटर पाणी ओतलं गेलं. मुंबईत एकट्या जुलैत सरासरी 800 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे उघड्यावरच्या कुंडीतून महिन्यात 55 लिटरहून जास्त पाणी गाळून जातं. जमिनीतल्या झाडाची मुळं खाली उतरलेलं अन्न थोडंफार गाठतात. कुंडीच्या छिद्रातून जे गेलं ते गेलंच.

म्हणून या दिवसांत युरिया किंवा 19:19:19 सारखी पटकन विरघळणारी खतं मी कुंडीला देत नाही. त्यातला नत्र दोन मोठ्या सरींत धुऊन जातो.

पहिलं काम मात्र निचऱ्याचं. मेच्या शेवटच्या आठवड्यात, मृगाच्या आधी, कुंडीखालची ताटली काढा, छिद्रात काडी घालून ते मोकळं करा आणि तांब्याभर पाणी ओतून पाहा. पाणी वर साचून राहिलं, तर आधी माती बदला. मुळांना हवाच मिळत नसेल, तर कुठलंच खत झाडाला घेता येत नाही.

आता खत. रोपवाटिकेत ‘स्लो रिलीज’ म्हणून मिळणारे गोल, चकचकीत दाणे म्हणजे लेप दिलेलं खत. लेपातून ओल आत शिरते, खत विरघळतं आणि थोडं थोडं बाहेर झिरपतं. त्याचा वेग मुख्यतः तापमानावर ठरतो. पाकिटावरचे ‘3-4 महिने’ बऱ्याचदा 21 अंश सेल्सिअस धरून लिहिलेले असतात. आपल्याकडे पावसाळ्यातही कुंडीतली माती त्याहून गरम असते, त्यामुळे ते लवकर संपतं.

वरची दोन-तीन बोटं माती खुरप्याने अलगद बाजूला करा. दाणे खोडापासून दूर, कुंडीच्या कडेने पसरा आणि माती परत लोटा. नुसते वर टाकलेले दाणे पाण्याबरोबर तरंगून कुंडीबाहेर जातात. दाणे चिरडू नका. लेप फुटला की सगळं खत एकदम सुटतं आणि मुळं भाजतात. 12 इंची कुंडीला मी सपाट दोन चहाचे चमचे घालते. पाकिटावर याहून जास्त लिहिलेलं असतं, पण मी जोडीला पेंडही देते. निवडुंग आणि इतर मांसल पानांच्या झाडांना यातलं काहीच देत नाही. त्यांना पावसात उपाशी ठेवलेलंच बरं.

पेंड म्हणजे निंबोळी पेंड, कुंडीला एक मूठ, दोन मुठी गांडूळखतात कालवून. ती कुजत कुजत अन्न सोडते आणि नत्र धुऊन जाण्याचा वेगही कमी करते. हे मिश्रण पाऊस सुरू व्हायच्या दहा-पंधरा दिवस आधी मातीत मिसळलेलं चांगलं. भर पावसात वरून टाकलं, तर बुरशी येते आणि चिलटं जमतात. घरात कुत्रा असेल, तर एरंड पेंड अजिबात आणू नका. वासाने तो ती उकरून खातो, आणि ते त्याच्या जिवावर बेतू शकतं.

शेवटी मातीवर नारळाच्या शेंड्यांचा थर द्या. थेंबांच्या माराने माती उडत नाही.

नंतर दाणे तसेच दिसत राहतात आणि खत विरघळलंच नाही असं वाटतं. एक दाणा चिमटीत दाबा. आत टणक लागलं, तर खत शिल्लक आहे. नुसतं पाणी निघालं किंवा टरफल चपटं झालं, तर संपत आलं. तरीही पानं पिवळी पडली, तर कुठली पडताहेत ते पाहा. खालची जुनी पिवळी आणि वरची फूट हिरवी, तर नत्र कमी आहे: गांडूळखताची एक मूठ वाढवा. सगळंच झाड मलूल आणि मातीला आंबूस वास, तर मुळं कुजताहेत. खत थांबवा आणि कुंडी वळचणीला घ्या.

सप्टेंबरच्या मध्याला दाणे पुन्हा दाबून पाहा. रिकामे झाले असतील, तर एक चमचा घाला, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात येणाऱ्या नव्या फुटीला ते पुरतं.