मनी प्लांटची पानं मोठी कशी झाली

खिडकीवरून खाली लोंबणाऱ्या आमच्या मनी प्लांटची पानं दिवसेंदिवस लहान होत चालली होती. पेरांमधलं अंतर वाढलं, शेंड्याची पानं तर जेमतेम दोन बोटं रुंद. खत घालूनही फरक पडेना.

उत्तर वेलीच्या स्वभावात होतं. ही मूळची प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटावरची. झाडाच्या खोडाला धरून वर चढू लागली की तिची पानं मोठी होत जातात. उंचावर ती हातभर लांब आणि कडेने चिरलेलीही दिसतात. आधार सुटून लोंबली की पुन्हा लहान. जुन्या बंगल्याच्या आवारात नारळावर चढलेली ती थोराड पानांची वेल पाहिली असेल, तीच ही!

म्हणून जाड पीव्हीसी पाइपला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून तो कुंडीत खोल रोवला. पेरांजवळची तपकिरी हवाई मुळं काथ्याला टेकतील अशी वेल सुतळीनं सैल बांधली. काथ्या ओला ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं, कोरड्या आधारात मुळं शिरत नाहीत. कुंडी पूर्वेच्या खिडकीशी, पडद्याआडच्या उजेडात सरकवली. लांबलेले शेंडे कापले, पेर बुडेल असे पाण्यात ठेवले आणि मुळं फुटल्यावर त्याच कुंडीत लावले.

मुळं काथ्यात रुतली तसं प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा मोठं येऊ लागलं. जुनी पानं मात्र आहेत तेवढीच राहतात. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर जपा: पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात, चावलं तर तोंडाची आग होते.