मुलांना घेऊन पाइक पकडायला: स्वीडनमधल्या पालकांसाठी

पाइक हा गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा. तो पकडायला सुरुवातीला मॅलारेन तलाव बरा. मॅलारेन, व्हेनेर्न, व्हेट्टेर्न, येल्मारेन आणि स्टूरश्यॉन या पाच मोठ्या तलावांत गळाच्या काठीला परवाना लागत नाही. इतर तलावांसाठी ‘फिस्केकूर्त’ (मासेमारीचा परवाना) विकत घ्यावे लागते. बंदीचा काळ, माशाच्या लांबीची मर्यादा, किती मासे ठेवता येतात हे जागेनुसार बदलते. निघण्याआधी ‘स्वेन्स्का फिस्केरेग्लेर’ या संकेतस्थळावर आपली जागा शोधा.

सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. उन्हाळ्यात पाणी 20 अंशांच्या वर गेले की सोडून दिलेला पाइकही दमून मरू शकतो. ते दिवस पोहायला ठेवा.

सामान: 7 ते 8 फुटांची, 20 ते 60 ग्रॅम वजनाचे आमिष फेकणारी काठी, 4000 आकाराचे रील, 0.20 ते 0.25 मिलिमीटरचा विणलेला दोरा. दोरा आणि आमिष यांच्यामध्ये 30 सेंटिमीटर स्टीलची तार हवीच. ती नसेल तर पाइकचे दात दोरा कापतात आणि मासा तोंडात गळ घेऊन पळतो. आमिषाला 20 ते 30 ग्रॅमचा, गळ लावलेला चमच्याच्या आकाराचा धातूचा तुकडा पुरे. मुलांच्या हाती देण्याआधी गळांचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट करा. माशाच्या तोंडातून गळ पटकन निघतो, आणि कुणाच्या बोटात घुसला तरी!

गळ सोडवायची हत्यारे हाताशी ठेवूनच पहिला फेक टाका: लांब चोचीची पकड, तार कापायची कात्री, रबरी जाळीची टोपली, ओली चटई. बहुतेक गोंधळ मासा वर आल्यावर होतो, कारण पकड पिशवीच्या तळाशी असते. होडीत सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट, आणि फेकताना एकच जण उभा.

पाण्यात उगवलेल्या बोरूच्या उंच गवताच्या कडेला, 1 ते 3 मीटर पाण्यात फेका. सावकाश ओढा, मध्येच दोन सेकंद थांबा. मासा बऱ्याचदा त्या थांब्यावरच झडप घालतो. कधी तो होडीपर्यंत मागे येतो, म्हणून आमिष लगेच उचलू नका. काठीचे टोक पाण्याजवळ ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवा. पाइक रोज मिळेलच असे नाही. मुले कंटाळतात, तेव्हा तरंगणारे बूच आणि गांडूळ लावलेली साधी काठी सोबत असू द्या. पर्च नावाचे छोटे मासे मुलांना लवकर लागतात.

मासा जाळीत आला की ती पाण्यातच ठेवून गळ काढा. धरायचाच असेल तर हात ओले करून बोटे कल्ल्याच्या झाकणाखाली, लाल कल्ल्यांना न लागता, सरकवा आणि दुसऱ्या हाताने पोटाला आधार द्या. गळ खोल गेला असेल तर ओढाताण न करता तो कापा.

खायला मध्यम आकाराचा ठेवा. मोठ्या पाइकमध्ये पारा जास्त साठतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी पाइक वर्षातून दोन-तीनदाच खावा, असा तिथल्या अन्न विभागाचा सल्ला आहे. वाय आकाराचे काटे काढणे अवघड, म्हणून तळलेल्या तुकड्यांपेक्षा मांस दोनदा बारीक करून आले-मिरची घातलेले कटलेट सोपे. मांस किंवा गाबोळी कच्ची चाखू नका: पाइकमध्ये फीतकृमी असू शकतो. कटलेट आतपर्यंत शिजले पाहिजे.