बाहेरचा व्यास की आतला?

नळयोजनेतल्या कुठल्या वाडीला किती दाबानं पाणी पोचेल, हे खोदाईआधीच दाखवणारं डेस्कटॉप सॉफ्टवेअर मी तीन वर्षं लिहितेय. या कामात येऊ पाहणारी मुलं हमखास विचारतात, "गणिताचं इंजिन, म्हणजे दाबाचा हिशोब करणारा भाग, कसा लिहायचा?" मी सांगते, लिहूच नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं १९९३ साली आणलेलं ईपानेट हे असंच तयार इंजिन मोफत आहे, सोर्स कोड खुला आहे आणि पायथनमधूनही वापरता येतं. मात्र एक पाइप आधी हातानं सोडवा. आतला व्यास १०० मिमी, लांबी १००० मीटर, सेकंदाला ५ लिटर पाणी, सी (पाइप आतून किती गुळगुळीत, त्याचा आकडा) १४० धरला तर घर्षणानं होणारी घट काढणाऱ्या हेझन-विल्यम्सच्या सूत्रानं दाबातली घट सुमारे ४.६ मीटर येते, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब. इंजिनचं उत्तर याच्याशी जुळलं की मगच स्क्रीनकडे वळा.

आणि खरी मेहनत स्क्रीनवरच आहे. माझ्या पहिल्या आवृत्तीत नुसता 'व्यास (मिमी)' असा रकाना होता. पाणीपुरवठ्याचं काम बघणाऱ्या एका अभियंत्यांच्या शेजारी मी बसले होते. त्यांनी ११० टाइप केलं आणि थांबले. "मॅडम, हा बाहेरचा की आतला?"

पीव्हीसी, एचडीपीई हे प्लास्टिकचे पाइप बाहेरच्या व्यासावर विकले जातात. भिंतीची जाडी दाबाच्या वर्गानुसार, म्हणजे पाइप किती दाब सोसतो त्यानुसार, बदलते. सूत्रात व्यासाचा घात ४.८७ आहे. म्हणजे आतला व्यास प्रत्यक्षात १० टक्क्यांनी कमी निघाला, तर दाबातली घट जवळजवळ पावणेदोन पट होते. माझ्या सॉफ्टवेअरनं ते ११० मुकाट्यानं घेतलं असतं, सुंदर आलेख काढला असता, आणि टोकाच्या वाडीतल्या बायका कोरड्या नळाखाली हंडे लावून बसल्या असत्या. आता आम्ही पाइपचा प्रकार, बाहेरचा व्यास आणि दाबाचा वर्ग विचारतो. आतला व्यास तक्त्यातून घेतो आणि शेजारीच ठळक दाखवतो.

बाकी गोष्टी शिकून येतात. मोठा हिशोब मुख्य थ्रेडवर (प्रोग्रॅमच्या ज्या धाग्यावर स्क्रीन चालते, त्यावर) चालवू नका, खिडकी गोठते आणि माणूस तेच बटण चारदा दाबतो. क्यूटीमध्ये (खिडक्या, बटणं बनवायच्या लायब्ररीत) गणित वेगळ्या थ्रेडवर टाका, प्रगती सिग्नलनं कळवा, 'रद्द करा' द्याच. कुठं दाब उणे आला, तर नुसता आकडा छापू नका. कुठल्या जोडावर, किती वाजता, ते नकाशावर लाल करून दाखवा.

परवा त्याच साहेबांनी विचारलं, "मे महिन्यात टाकी निम्मीच भरते, ते कुठं टाकायचं?" रकाना होता, पण तीन मेनू आत. पुढच्या आवृत्तीत तो पहिल्याच स्क्रीनवर येतोय.