टाळी न वाजवणारा कॅमेरा

कोल्हापुरात गंगावेशीतल्या एका तालमीत पहाटे फोटो काढत होतो. हौद्यातली लाल माती नुकतीच उकरून ठेवलेली, पोरं जोर मारायला लागलेली. माझ्या फिल्मवाल्या एसएलआरचा, म्हणजे लेन्समागे आरसा असलेल्या मोठ्या कॅमेऱ्याचा, आरसा वर गेला, खटॅक. दोन पैलवान वळून बघायला लागले. तिसऱ्या खटॅकला वस्ताद म्हणाले, "पाव्हणं, फोटू काढायला लागलाय का टाळ्या वाजवायला?"

त्या दिवशी घरी येऊन बॅग शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली. साडेसात किलो. वीस वर्षं लग्नाचे फोटो काढले, तेव्हा ते ओझं धंद्याचं होतं. धंदा भाच्याकडे दिला तरी बॅग माझ्याच खांद्यावर.

कमी करायचं तर आधी सगळं दिवाणावर मांडा. सगळं म्हणजे सगळं, फिल्टरच्या डब्यासकट. दिवाळीपासून दिवाळीपर्यंत ज्याला हात लागला नाही ते एका बाजूला. माझी ती बाजू एवढी वाढली की झोपायला जागा उरेना. भावनेपोटी काही ठेवणार असाल तर एकच ठेवा आणि आपल्या पावसाळ्याची आठवण ठेवा. इथल्या दमट हवेत कपाटात बंद पडलेल्या लेन्सला बुरशी धरते, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. दोन चांगल्या लेन्स मी 'कधीतरी लागतील' म्हणत अशाच घालवल्या. आता एकच कॅमेरा, तो स्टीलच्या घट्ट डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. ओलावा धरला की पुड्या बदलायच्या.

कॅमेरा निवडताना डोळ्याआधी कान वापरा. एसएलआरमध्ये प्रत्येक फोटोला आरसा उडतो आणि फिल्मपुढचा पडदा धावतो. छोट्या रेंजफाइंडरमध्ये (वेगळ्या खिडकीतून बघून अंतर जुळवायचा कॅमेरा) आणि खिशातल्या कॉम्पॅक्टमध्ये आरसा नसतो. बहुतेकांचं शटर लेन्सच्या आतच, चिमुकल्या पात्यांचं. आवाज येतो तो नखावर नख आपटल्यासारखा. पण लहान म्हणजे शांत, असं धरून चालू नका. 1990 च्या आसपासचे मोटरवाले कॉम्पॅक्ट फोटोनंतर फिल्म पुढे ओढताना असे किंचाळतात की त्यापेक्षा एसएलआर बरा.

कॅनोनेट क्यूएल17 जीथ्री शांत आहे, 40 मिमीची लेन्सही झकास, पण सहाशे ग्रॅमच्या वर. शिवाय त्याचं उजेड मोजणारं मीटर जुन्या पाऱ्याच्या सेलवर चालायचं, ते सेल आता बनत नाहीत. रोलाय 35 खिशात मावतो, अंतर मात्र पूर्ण अंदाजाने लावायचं. ऑलिंपस एक्सए हा 1979 चा, सरकत्या झाकणाचा, देखणा. मी घेतला ऑलिंपस ट्रिप 35. 1967 ते 1984 पर्यंत तो बनत होता आणि त्याला सेल लागतच नाही. उजेड मोजणारं लेन्सभोवतीचं सेलेनियमचं कडं उजेडावरच चालतं.

जुना ट्रिप घेताना दुकानदाराचं ऐकू नका, तपासा. लेन्सवरची रिंग 'ए'वर, म्हणजे ऑटोवर ठेवा, तळहाताने ते कडं झाका आणि बटण दाबा. व्ह्यूफाइंडरमध्ये लाल झेंडी वर यायला हवी आणि शटर अडायला हवं. तसं झालं नाही तर कॅमेरा घेऊ नका. मग मागचं झाकण उघडून उजेडाकडे धरा. रिंगवरचे आकडे छिद्राचे, ती 22 वर ठेवून बटण दाबलं की बारीक भोक चमकलं पाहिजे, 2.8 वर मोठं. दोन्ही वेळेला सारखंच दिसलं तर पाती तेलाने चिकटलीत. झाकणाच्या खाचेतला उजेड अडवणारा फोम डांबरासारखा झाला असेल तर घाबरू नका. तो खरवडून काळी लोकर चिकटवता येते. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, त्या गावात एवढं तरी घरी जमावं.

रोल घातल्यावर पहिले दोन फोटो वाया घालवा आणि डावीकडची रिवाइंडची खुंटी बघा. फिल्म पुढे सरकवायचं चाक फिरवताना ती उलटी फिरलीच पाहिजे. जोतिबाच्या चैत्र यात्रेत मी ते बघितलं नाही. गुलालात न्हालेल्या सासनकाठ्या, नाचणारे मानकरी, सगळं टिपलं. 36 झाले तरी रोल संपेना, तेव्हा पोटात गोळा आला. फिल्म जागची हललीच नव्हती.

अंतरासाठी ट्रिपवर चार चित्रं आहेत: एक माणूस, दोन माणसं, घोळका, डोंगर. एक माणूस म्हणजे साधारण एक मीटर, दोन म्हणजे दीड, घोळका अडीच-तीन. माझं माप सोपं आहे, शिंगापासून शेपटीपर्यंत एक म्हैस म्हणजे घोळका. भर उन्हात 400 ची (कमी उजेडातही चालणारी) फिल्म असेल तर चित्र घोळक्यावर ठेवून विसरून जा. छिद्र तेव्हा बारीक असतं, त्यामुळे पुढचं-मागचं बरंच धारदार येतं. तालमीत उजेड कमी पडला की झेंडी अडवते. तेव्हा रिंग 'ए'वरून काढून 2.8 वर आणायची. शटर 1/40 वर चालतं, म्हणून श्वास रोखायचा आणि पैलवान दम घ्यायला थांबला की दाबायचं. कुस्ती लागल्यावर काढलेले माझे सगळे फोटो हलले.

एक गोम उरते. बटण गप्प आहे, पण मागचं दातेरी चाक फिरवताना कर्रकर्र होते, आणि चाक फिरवल्याशिवाय पुढचा फोटो निघत नाही. म्हणून फोटो झाला की लगेच फिरवायचं नाही. तालमीत कुणी शड्डू ठोकेपर्यंत थांबतो. संध्याकाळी दूध कट्ट्यावर तर सोय आयतीच. म्हैस समोर उभी असते, गिऱ्हाईक पेला धरून. धार सुरू झाली की पितळी भांड्यात आधी खणखणीत, मग भरत जाईल तसा घुमणारा आवाज येतो. तेवढ्यात अंगठ्याने चाक फिरवून घेतो. म्हशीनंसुद्धा अजून मान वळवलेली नाही.