मूल वाढीत मागे पडतंय? थेरपी, प्रमाणपत्र आणि शाळेतली मदत अशी मिळवा

दीड वर्ष झालं तरी मूल आधाराशिवाय चालत नाही, किंवा अडीच वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडून बोलत नाही, तर "मुलगे उशिराच बोलतात" या धीरावर थांबू नका. आधी येत असलेले शब्द किंवा हावभाव बंद झाले असतील, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. थेरपी सुरू करायला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. कागद होईपर्यंत पालक थांबतात आणि तीन वर्षांच्या आतला सगळ्यात मोलाचा काळ निघून जातो. उपचार आणि कागदपत्रं एकाच वेळी सुरू करा.

तपासणी आणि थेरपी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंत तपासणी मोफत आहे. या कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यामुळे पुढची फेरी कधी ते सेविकाताईंना विचारून ठेवा. पण फेरी लांब असेल तर वाट पाहू नका. जिल्हा रुग्णालयात बालरोग ओपीडीचा केसपेपर काढा आणि "वाढीच्या तपासणीसाठी डीईआयसीत पाठवा" असं स्पष्ट सांगा. डीईआयसी म्हणजे जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र. तिथे फिजिओथेरपी, वाचा-श्रवण, मानसशास्त्र आणि विशेष शिक्षण या सेवा एकाच ठिकाणी मिळायला हव्यात. मुंबई परिसरातल्या पालकांना वांद्र्याची अली यावर जंग संस्था (वाचा-श्रवणासाठी) आणि खारघरचं एनआयईपीआयडी केंद्र (बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं) हेही पर्याय आहेत.

जाताना माता-बाल संरक्षण कार्ड, प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड, आणि एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवलं असेल तर तिथले कागद न्या. सोबत मोबाइलवर एकेक मिनिटाचे तीन व्हिडिओ ठेवा: मूल जेवताना, खेळताना, आणि मागून नाव घेऊन हाक मारल्यावर काय करतं ते. नव्या जागी मूल रडतं, गप्प होतं आणि तपासणी अर्धवट राहते. तेव्हा हे व्हिडिओ फार उपयोगी पडतात.

बोलणं उशिरा असेल तर आधी कानांची तपासणी, गरज पडल्यास बेरा (आवाजाला मेंदूपर्यंत मिळणारा प्रतिसाद मोजणारी चाचणी), करून घ्या. कमी ऐकू येणाऱ्या मुलाची नुसती स्पीच थेरपी महिनोन्‌महिने चालते आणि फरक पडत नाही, असं खूपदा होतं. सरकारी केंद्रात दोन तारखांमध्ये अंतर पडतं, म्हणून घरी करायचे तीन-चार व्यायाम लिहून मागा आणि थेरपिस्टसमोर स्वतः एकदा करून दाखवा. खासगी थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक दोघांकडेही तो असावा लागतो.

प्रमाणपत्र

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी आणि प्रमाणपत्रासाठी करायचा. मुलाचं आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. जन्मदाखला आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं करून घ्या, नाहीतर पुढे शाळाप्रवेशात अडकतं.

बौद्धिक वाढीतल्या उशिरासाठी एक ते पाच वर्षांच्या मुलाला सर्वांगीण विकास विलंबाचं तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. मूल पाच वर्षांचं झाल्यावर पुन्हा तपासणी होते. ती तारीख आताच लिहून ठेवा, कारण मुदत संपली की सवलतीही थांबतात.

लहान मुलाच्या दिव्यांगत्वाची टक्केवारी बरीचशी व्हीएसएमएस या चाचणीवर (मूल वयाच्या मानानं स्वतःचं किती करू शकतं ते मोजणाऱ्या) ठरते, आणि ती मुख्यतः पालकांना प्रश्न विचारून होते. गुण 55 ते 69 आले तर 50 टक्के, 70 ते 84 आले तर 25 टक्के. बहुतेक सवलतींची अट किमान 40 टक्के आहे. "स्वतः जेवतो का?" असं विचारलं की आई मायेनं "हो" म्हणते, प्रत्यक्षात पहिले दोन घास तो घेतो आणि उरलेलं ती भरवते. उत्तर असं द्या: "दोन घास घेतो, मग भरवावं लागतं, सांडतं." वाढवूनही सांगू नका आणि झाकूही नका. टक्केवारी पटली नाही तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 59 नुसार अपील करता येतं.

शाळा

याच कायद्याचं कलम 31 सांगतं की 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. निवड तुमची. शिवाय प्रमाणपत्र असेल तर आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांसाठी वंचित गटातून अर्ज करता येतो, आणि त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

प्रवेश झाला की मुख्याध्यापकांना अर्ज द्या. अर्जात तीन गोष्टी असाव्यात: यूडायस प्लसवर (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत) विशेष गरजा असलेलं मूल म्हणून नोंद, गटसाधन केंद्रातल्या (तालुक्याच्या शिक्षण साहाय्य केंद्रातल्या) विशेष शिक्षकांची भेट, आणि वैयक्तिक शिक्षण आराखडा. ही नोंद राहिली तर समग्र शिक्षा अभियानातून मिळणारा मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता आणि साहित्य यांत मुलाचं नाव येत नाही. खूप मुलांचं इथेच अडतं.

आराखड्यात "संवाद सुधारेल" असं मोघम वाक्य मान्य करू नका. "डिसेंबरपर्यंत पाणी हवं असेल तर दहापैकी सहा वेळा चित्राकडे बोट दाखवेल" असं मोजता येणारं उद्दिष्ट लिहून घ्या, आणि ते कोण, आठवड्यातून किती वेळ घेणार तेही.

"आमच्याकडे सोय नाही" किंवा "मदतनीस तुम्हीच आणा" हे शाळा नेहमी तोंडी सांगते. शांतपणे म्हणा, "मॅडम, हे लेखी द्या." बऱ्याचदा तिथेच सूर बदलतो. तुमच्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. पोच नसलेला अर्ज पुढे कुठेच दाखवता येत नाही. उत्तर आलं नाही तर गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक), आणि तरीही काही झालं नाही तर पुण्याचे दिव्यांग आयुक्त. तक्रारीला या पोच प्रती तारखेच्या क्रमानं जोडा.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय या आरोग्य विमा योजनेत नाव घाला. वर्षाला एक लाखापर्यंतच्या या विम्यात थेरपीचाही खर्च ठरावीक मर्यादेत मिळतो. पॉलिसी 31 मार्चला संपते, त्यामुळे नूतनीकरण फेब्रुवारीतच करा आणि थेरपीची प्रत्येक पावती मुलाच्या पूर्ण नावानं घ्या.