हळदीच्या आर अँड डीत नवे आहात? आधी ओलावा मोजा

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत हळदीच्या प्लँटवर रुजू झालात की कुणीतरी सांगणारच, ‘घरची लॅब कशाला, सॅम्पल बाहेर पाठवा.’ अर्धं खरं आहे. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी चाचणी), शिसं, कीटकनाशकांचे अंश हे बाहेरूनच करून घ्या, चार सॅम्पलसाठी ती यंत्रं परवडत नाहीत. पण सॅम्पल काढणं आणि ओलावा मोजणं कुणाच्याही हाती देऊ नका.

का, ते नीट बघा. समजा, जुन्या ड्रायरच्या हळदीत कर्क्युमिन (हळदीचा पिवळा घटक) ४.४ टक्के, नव्याच्या ४.७. लगेच वर मेल जातो, नवा ड्रायर भारी! आता ओलावा बघा, जुन्या मालात १२ टक्के, नव्यात ६. पाणी वजा करून उरलेला सुका माल ८८ आणि ९४ टक्के, म्हणून ४.४ ला ०.८८ ने भागा, ४.७ ला ०.९४ ने. दोन्हीकडे ५.०. कर्क्युमिन वाढलं नाही, पाणी उडालं. रिपोर्टवर ‘ड्राय बेसिस’ (पाणी वगळून काढलेला आकडा) लिहिलंय का, हे आकड्याच्या आधी वाचा.

ओव्हनमध्ये १०५ अंशांवर पाण्याबरोबर हळदीचं तेलही उडतं आणि ओलावा फुगून दिसतो. म्हणून डीन-स्टार्कवर मोजा, म्हणजे टोल्यूइन या द्रावकात माल उकळून निघालेलं पाणी वेगळं गोळा करणाऱ्या काचेच्या उपकरणावर. ४२५ नॅनोमीटरवरचा स्पेक्ट्रो (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) सगळा पिवळा रंग एकत्र मोजतो, एचपीएलसी तिन्ही कर्क्युमिनॉइड (कर्क्युमिन आणि त्याचे दोन भाऊबंद) वेगळे दाखवतो. हे दोन आकडे शेजारी मांडून तुलना करणं म्हणजे शुद्ध फसवणूक, स्वतःचीच.

हळकुंड आणि गड्डा वेगळे ठेवा. दहा पोत्यांतून थोडं थोडं घ्या, दळा, ढीग करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा. एकाच भुकटीची दोन पाकिटं वेगळ्या कोडने पाठवा, उजेड न लागेल अशी. त्यांच्यातच ०.३ चा फरक आला, तर तुमची ०.३ ची सुधारणा विसरा. घाबरू नका, चार-पाच फेऱ्यांत हात बसतो.

कॉलेजला प्रोजेक्ट देताय? विद्यार्थ्याचं पोस्टर लागण्याआधी पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाका, पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. ‘नवीन’ म्हणण्याआधी जुनं धुंडाळा. जखमेवरच्या हळदीचं अमेरिकन पेटंट १९९५ साली मिळालं आणि सीएसआयआरने (भारत सरकारची वैज्ञानिक संशोधन संस्था) जुने ग्रंथ पुढे ठेवल्यावर १९९७ साली रद्द झालं.

महिन्यातून एकदा येणाऱ्या कन्सल्टंटपेक्षा कढईजवळचा मुकादम धरा. वाळलेलं हळकुंड मोडून तो आवाज ऐकतो, खणखणीत वाजलं की माल उतरवतो. तो ‘झालं’ म्हणेल तेव्हाच सॅम्पल घ्या, आणि डीन-स्टार्कचा आकडा त्याच्या शब्दाशेजारी वहीत लिहा.