कॅम्पर व्हॅनमधली कपाटं स्वतः दुरुस्त करताय? या चुका टाळा

महूहून जाम गेटचा घाट उतरून मंडलेश्वरकडे जाताना वळणावर आमच्या गाडीतला वरचा कप्पा उघडला आणि शेवेचा डबा मागे बसलेल्या काकूंच्या मांडीवर आला. दार धरून ठेवणारं चुंबक कमजोर झालंय, असं मी महेश्वरला पोचायच्या आतच ठरवून टाकलं. इंदूरला परतल्यावर सियागंजातून चांगलं जाडजूड चुंबक आणून बसवलं. पुढच्या खेपेला तोच कप्पा, तोच डबा.

चूक चुंबकाची नव्हती, निदानाची होती. कपाटाचा सांगाडाच गुण्यातून गेला होता, म्हणजे त्याचे कोपरे काटकोनात राहिले नव्हते. दार आपोआप उघडतंय, घासतंय किंवा नीट लागत नाहीये, तर स्क्रूड्रायव्हरच्या आधी टेप हातात घ्या आणि कपाटाचे दोन्ही कर्ण मोजा. माप सारखं आलं तर बिजागरीच्या स्क्रूने दार जुळवून घेता येतं. पाच-सात मिलिमीटरचा फरक निघाला, तर सांधे सैल झालेत. तिथे बिजागरी पिळत बसणं म्हणजे नुसता टाइमपास. घरच्या कपाटाला भिंतीचा आधार असतो, म्हणून मागे खिळ्यांनी ठोकलेली पातळ फळी चालून जाते. गाडीत मात्र तीच फळी सांगाडा ताठ ठेवते. कपाट रिकामं करा, कर्ण जुळवून क्लॅम्प लावा आणि मागे 6 मिलिमीटरचं प्लाय गोंद आणि स्क्रू दोन्हींनी बसवा. रात्रभर हलवू नका.

एवढं करूनही घाटात नुसत्या चुंबकावर भिस्त ठेवू नका. बटण दाबून उघडणारं लॅच लावा, नाहीतर सरळ छोटी कडी. दिसायला गावठी, पण माझी आजवर एकदाही उघडली नाही. ड्रॉवरचं सॉफ्ट-क्लोज चॅनेल म्हणजे कुलूप नव्हे, हेही मी ड्रॉवर बाहेर आल्यावरच शिकलो.

स्क्रूचं भोक मोठं झालं की आपण काडेपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल भरतो. प्लायमध्ये हलक्या हँडलपुरतं ते ठीक आहे. पार्टिकल बोर्डचा आतून भुगा झालेला असतो, तिथे काडी कशाला धरणार? 8 मिलिमीटरचं भोक पाडून त्यात गोंद लावलेला लाकडी डॉवेल, म्हणजे गोल खुंटी, ठोका, सुकू द्या, मग स्क्रूला वाट देणारं बारीक पायलट भोक पाडून स्क्रू घ्या. आधीपेक्षा लांब स्क्रू ठोकण्याचा मोह आवरा. पलीकडे वायर असते किंवा गाडीचा पत्रा. आणि ते काळे जिप्समचे स्क्रू घरीच ठेवा. कडक असल्यामुळे ते सततच्या हादऱ्यांनी वाकण्याऐवजी तुटतात, शिवाय गंजतात. मी मागितले तेव्हा दुकानदारच म्हणाला, "भिया, गाडी में ये मत लगाओ." स्टेनलेसचे घ्या.

वजन वाचवायला 12 मिलिमीटरच्या प्लायची दारं करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: 35 मिलिमीटरच्या कप-बिजागरीचा खड्डाच साधारण 12 मिलिमीटर खोल असतो. दार आरपार फुटतं. पातळ दाराला साधी वरून लावायची बिजागरी बरी. प्लाय घेताना त्यावर आयएस 710 चा शिक्का पाहा. ते मरीन प्लाय, सिंकजवळ फुगत नाही.

कपाट गाडीच्या पत्र्याला धरायचं असेल, तर नुसता सेल्फ-टॅपिंग स्क्रू काही दिवसांत भोक मोठं करून सुटतो. रिव्हेट नट, म्हणजे पत्र्याच्या भोकात पक्का बसणारा आट्यांचा नट, बसवून त्यात बोल्ट घ्या. ड्रिल चालवण्यापूर्वी गाडीखाली वाकून बघा: डिझेलचा पाइप, ब्रेकचा पाइप, वायरिंग. ड्रिलच्या बिटाला हव्या त्या खोलीवर टेप गुंडाळली की हात पुढे जात नाही. भोकाच्या कडेला प्रायमर लावा, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच गंज सुरू होतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्यावर लावू नका, त्यातलं आम्ल धातू खातं. न्यूट्रल सिलिकॉन मागून घ्या.

मे महिन्यात इंदुरात बंद गाडी भट्टीसारखी तापते आणि गरम गोंदाने चिकटवलेल्या कडापट्ट्या सुटतात. त्या परत चिकटवायच्याच, तर संध्याकाळी, गाडी निवल्यावर.

दुरुस्तीनंतर पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा. आमचा शेवेचा डबा आता खालच्या कप्प्यात असतो. काकू मात्र घाट आला की अजूनही मांडीवर उशी घेऊन बसतात.